उंचीवरची वनस्पती : पेरभर उंचीचे कुरण

गेल्या आठवड्यात भूर्जवृक्षाबरोबर आपण वृक्षरेषेपर्यंत पोहोचलो. आज त्या रेषेच्याही वर, तिबेटच्या पठारावर जायचे आहे. तिथे कोब्रेसिया पिग्मिया नावाचा लव्हाळा वाढतो. आपल्या शेतकऱ्यांना बेजार करणारा मोथा ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. उंची मात्र दोन ते चार सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पेरभर. पाने दोऱ्यासारखी बारीक, फुलोरा इवलासा, तपकिरी. कोब्रेसिया ही प्रजाती अलीकडे कॅरेक्समध्ये विलीन झाली, त्यामुळे नव्या ग्रंथांत तो कॅरेक्स पार्व्हुला या नावाने सापडेल.

या चिमुकल्या लव्हाळ्याची कुरणे सुमारे ४,५०,००० चौरस किलोमीटरवर पसरली आहेत. महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट! साधारण ३,००० मीटरपासून थेट ६,००० मीटरच्या जवळपर्यंत तो आढळतो.

त्याचा खरा संसार जमिनीखाली आहे. पानांनी तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा मुळांकडे जातो. जिवंत आणि मेलेली मुळे एकमेकांत गुंतून घोंगडीसारखा घट्ट थर तयार होतो. काही ठिकाणी तो ३० सेंटिमीटरपर्यंत जाड असतो. थंडीमुळे मेलेली मुळे लवकर कुजत नाहीत, म्हणून सेंद्रिय कर्ब तिथेच साठत राहतो. उतारावरची माती हाच थर धरून ठेवतो. पीत नदी, यांगत्से आणि मेकाँग यांचे उगम या पठारावर आहेत, हे लक्षात घेतले की या थराचे मोल कळते. तिथले पशुपालक त्याचे चौकोनी तुकडे कापून गोठ्याच्या भिंतीही रचतात.

वर थंडी असली तरी या रोपाची वाढ नुसत्या उन्हाळ्याच्या उबेने सुरू होत नाही. ते पावसाची वाट पाहते. आपल्याकडचा मोसमी पाऊस हिमालय ओलांडून तिथे पोहोचला की कुरण हिरवे होते.

याक आणि मेंढ्या ही कुरणे हजारो वर्षे चरत आल्या आहेत. पाने खुडली गेली तरी या लव्हाळ्याचे काही बिघडत नाही, कारण वाढीचे कोंब जमिनीलगत आणि शिदोरी जमिनीखाली. उंच वाढणारी गवते मात्र सतत चरल्याने मागे पडतात. बऱ्यापैकी ओलाव्याच्या जागी कुंपण घालून जनावरे रोखली, तर ती गवते वर येतात आणि आपला लव्हाळा सावलीत सापडतो. म्हणजे हे कुरण जितके निसर्गाचे, तितकेच द्रोकपा पशुपालकांचेही आहे.

आज मात्र हा थर अनेक ठिकाणी तडकतो आहे. गोठणे आणि कोरडेपणा यांमुळे त्याला बहुकोनी भेगा पडतात. वारा आणि पाणी भेगा रुंदावतात आणि शेवटी उघडी काळी माती उरते. बी सहजी रुजत नाही, त्यामुळे गेलेला थर माणसाच्या आयुष्यात परत येत नाही. अतिचराईने ही झीज वाढते, यात शंका नाही. २००३ पासून चीनने मोठ्या क्षेत्रावर चराई थांबवण्याचे धोरण राबवले. पण सरसकट बंदी हा या कुरणाचा इलाज नव्हे. ऋतूप्रमाणे जागा बदलणारी, बेताची चराई त्याला मानवते. फिरत्या पशुपालकांना एका जागी बसवून ती साधणार नाही.

लडाख आणि उत्तर सिक्कीममध्येही कोब्रेसियाची कुरणे आहेत, आणि तिथे दर उन्हाळ्यात मराठी पर्यटक मोठ्या संख्येने जातात. तेव्हा एक विनंती : पाणथळ हिरवळीवर गाडी किंवा मोटरसायकल घालू नका, तंबूसाठी तिथे खणू नका. मळलेल्या वाटेनेच जा.

पुढच्या आठवड्यात याच कुरणात बिळे करणाऱ्या ‘पिका’ या प्राण्याविषयी.