विश्लेषण : ताटातले पनीर खरेच दुधाचे?

मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानसभेत कृत्रिम पनीर दाखवले आणि भेसळीचा प्रश्न ऐरणीवर आला.

अ‍ॅनालॉग पनीर म्हणजे काय?
दुधातील फॅटऐवजी पामतेलासारखे वनस्पती तेल वापरून, दूध पावडर किंवा स्टार्च घालून केलेला स्वस्त पर्याय.

ते बेकायदा आहे?
बनवणे नाही, पण ‘पनीर’ म्हणून विकणे ही फसवणूक. साध्या पनीरच्या कोरड्या भागात किमान 50 टक्के दुधाचे फॅट असावे लागते.

वावरला याचे काय?
जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत 1992-93 मध्ये कुपोषणाने बालके दगावली. जव्हार-मोखाड्यात मुलांसाठी कधीतरी घेतलेल्या पनीरमधून प्रथिने मिळावीत, हीच अपेक्षा असते. तेल-स्टार्चच्या तुकड्यातून ती तेवढी मिळतीलच असे नाही.

कसे ओळखाल?
पाकिटावरचे घटक वाचा. तुकडा पाण्यात उकळून थंड करा, आयोडीनचे थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. रंग बदलला नाही तरी तेल असू शकते. ते प्रयोगशाळेतच कळते.

तक्रार कुठे?
अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या टोल फ्री क्रमांकावर. बिल जपून ठेवा.