रोषणाईचा डबा आणि विजेचा हिशेब

१४ एप्रिल जवळ आला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बौद्धवाड्यांत रोषणाईची तयारी सुरू होते. विहारावर माळा चढतात, कमानीवर रंगीत दिवे धावू लागतात. बुद्ध पौर्णिमेला आणि १४ ऑक्टोबरला हेच सामान पुन्हा बाहेर निघते. दिवे पळवणारा कंट्रोलर आता बाजारातून आणावा लागत नाही. आयटीआयला जाणारी आपली मुले रिले बोर्ड आणि आर्डुइनो जोडून तो घरीच बनवतात. या हुन्नराचे आम्हांला कौतुक आहे. मात्र दिवे कोणत्या क्रमाने लागावेत हे ठरवताना, त्या डब्यातून किती वीज वाहणार आहे याचा हिशेब बहुधा राहून जातो. आरोग्याच्या पानावर आम्ही तोच मांडत आहोत, कारण तो चुकला की भाजणे, शॉक आणि आग यांची गाठ पडते.

उत्सवात वीज क्षमा करत नाही. एप्रिल २०२३ मध्ये विरारच्या कारगिल नगरात जयंतीच्या मिरवणुकीतील वाहनावरचा लोखंडी दांडा विजेच्या यंत्रणेला लागला. दोघांचा जीव गेला, काही जण जखमी झाले.

चॅनेल आठ, वायर एकच

घरगुती कंट्रोलरला समजा आठ चॅनेल आहेत आणि प्रत्येक रिलेवर १० अँपिअर असे छापले आहे. म्हणून त्या डब्यावर ८० अँपिअर चालतील असे नाही. आठही चॅनेलची वीज एकाच प्लगमधून आत येते आणि एकाच न्यूट्रल वायरने परत जाते. घरातल्या लहान प्लगची क्षमता ६ अँपिअर असते. सगळी रोषणाई त्यातच बसवायची आहे.

हिशेब सोपा आहे. सगळ्या दिव्यांचे वॉट बेरजेला घ्या आणि २३० ने भागा, अँपिअर मिळतात. १० वॉटच्या २० माळा म्हणजे २०० वॉट. ५० वॉटचे ४ एलईडी फ्लड म्हणजे आणखी २००. साउंडचा अँप्लिफायर ५०० वॉट. एकूण ९००, म्हणजे सुमारे ४ अँपिअर. इथवर ठीक. आता कोणी ५०० वॉटचे दोन जुने हॅलोजन त्याच बोर्डावर लावले, तर बेरीज १९०० वॉट होते आणि प्रवाह सव्वाआठ अँपिअरवर जातो. लहान प्लगवर १००० वॉटच्या पुढे जाऊ नका. हॅलोजन काढून एलईडी लावा, किंवा साउंडला वेगळा पॉइंट घ्या.

प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. म्हणून मुख्य वायर दीड चौरस मिलिमीटरची, तांब्याची, तीन कोअरची असावी. डब्यात वीज शिरते तिथेच ५ अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवणे. फ्यूज वाचला तर घर जळते.

रिलेवर छापलेले १० अँपिअरही पूर्ण वापरू नका. एलईडीचे पॉवर सप्लाय चालू होताना क्षणभर कितीतरी जास्त वीज ओढतात. त्याने रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. मग कंट्रोलर बंद म्हणतो, तरी दिव्यात वीज राहते. एका चॅनेलवर २ अँपिअर पुरे.

बंद दिसते ती माळ जिवंत असू शकते

एलईडी माळेतला एकेक दिवा ३ व्होल्टचा असला, तरी थेट २३० वर चालणाऱ्या माळेच्या कोणत्याही उघड्या टोकाला हात लागला तर पूर्ण शॉक बसू शकतो. दोन पिनेचा प्लग उलटा लागला, तर कंट्रोलर फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. दिवे विझतात, माळेत फेज तशीच राहते. ट्रायॅकवर चालणाऱ्या सर्किटमधून बंद असतानाही थोडी वीज झिरपते. म्हणून माळ दुरुस्त करायची असेल तर बटणावर भरवसा नको, प्लग काढा.

जमेल तिथे १२ व्होल्टच्या पट्ट्या वापरा. हात लागेल तिथे शॉकचा धोका फार कमी होतो. आगीचा मात्र नाही. १२० वॉटला २३० व्होल्टवर अर्धा अँपिअर लागतो, १२ व्होल्टवर १०. म्हणून १२ व्होल्टच्या बाजूलाही जाड वायर आणि वेगळा फ्यूज हवाच.

खारा वारा

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे. समुद्रावरच्या खाऱ्या दमट हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो. सांधा सैल आणि खराब झाला की तिथेच तापतो. गेल्या वर्षीच्या माळा तशाच चढवू नका. सांधे घासून घट्ट करा, हिरवे पडलेले टोक कापून टाका. बुद्ध पौर्णिमेला वळवाचा पाऊस ठरलेलाच. डबा पुठ्ठ्याचा नको, प्लास्टिकचा बंद हवा, जमिनीपासून उंच, वायरी खालून शिरलेल्या. लोखंडी कमानीला आणि पत्र्याला माळ घासू देऊ नका. कमानीला अर्थिंग द्या.

विहाराच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. पोलावर आकडा टाकू नका. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. वायर तुटून पडली तर जवळ जाऊ नका, १९१२ वर कळवा.

शॉक लागला तर

आधी मेन स्विच बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. हे फक्त घरातल्या वायरीसाठी. पोलावरच्या लाइनला लाकूडही लावू नका. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा आणि १०८ ला फोन करायला सांगा. भाजले असेल तर वीज तोडल्यावर २० मिनिटे वाहते थंड पाणी. हळद, टूथपेस्ट काही नको. उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. शॉकनंतर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी काढावा लागतो.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूर मंत्री असताना वीज हा विषयही त्यांच्या खात्यात होता. ती वीज आज आपल्या वाडीत आली आहे. यंदा रोषणाईच्या बैठकीत वर्गणीच्या यादीशेजारी वॉटची यादीही मांडा, आणि मेन स्विचजवळ बसायला एक जाणता माणूस नेमा.