टकटक, पण हळू!

लॅपटॉपची सपाट बटणं बडवून कंटाळले आणि महिन्याचा ठरावीक पगार नसताना चक्क मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. वायरलेस आणि लो-प्रोफाइल, म्हणजे बुटका. नेहमीच्या मेकॅनिकलचं बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जातं, याचं ३च्या आसपास. मनगटाखाली उशी नको, सॅकमध्येही मावतो.

फंडा सोपा आहे. प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगवाला स्वतंत्र स्विच. रेड गुपचूप खाली जातो, ब्राऊन मध्येच हलकीशी ठेच देतो, ब्लू ठेच देऊन वर क्लिकही करतो. मी अर्थात ब्लू घेतला. दुकानात काय सॉलिड वाजत होता!

रात्री एक वाजता वन-रूम-किचनमध्ये तोच आवाज... माझी रूममेट पहाटे पाचला शिफ्टला निघते. तिसऱ्या रात्री अंधारातून ऐकू आलं, "अगं, तुझी डेडलाइन की माझी झोप, एक काय ते ठरव." चार वर्षांची मैत्री, यार! आणि अर्धं भाडंही तीच भरते.

नशीब, स्विच उपटून बदलता येणारं मॉडेल होतं. रविवारी चिमट्याने एकेक करत ८४ स्विच काढले, रेड बसवले. (बुटक्या कीबोर्डला बुटकेच स्विच लागतात, तेही सगळे बसत नाहीत. आधी विचारून घ्या.)

स्पेसबार मात्र अजून ठक्क वाजतो. म्हणून हल्ली बारानंतर लॅपटॉप फ्रिजवर, कीबोर्ड ओट्यावर आणि मी उभी. वायरलेस आहे ना!