मराठी शीर्षक तुटतं, ते मराठीमुळे नव्हे

वेबपानांची शीर्षकं आणि मेटा वर्णनं कोडने गोळा करायची म्हटलं, की कोणीतरी सांगतंच: इंग्रजी पानं नीट येतात, मराठीचा मात्र कचरा होतो; मराठीला वेबवर अजून धड आधारच नाही. हे ऐकून ऐकून कान किटले. हे चूक आहे.

तो कचरा जरा निरखून बघा. दर तीन चिन्हांतलं पहिलं एकच असतं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ युनिकोड चिन्हं आहेत. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, आणि त्यातला पहिला बाइट नेहमी तोच. म्हणजे एकूण १५ बाइट. प्रत्येक बाइट हे एक अक्षर समजणाऱ्या लॅटिन-१ पद्धतीने ते वाचले, तर पाचाची पंधरा होणारच. पान शाबूत आहे, वाचणारा चुकलाय.

पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी नेमकं हेच करते. सर्व्हरने एन्कोडिंग सांगितलं नसेल, तर ‘टेक्स्ट’ देताना ती लॅटिन-१ गृहीत धरते. तिच्या अधिकृत माहितीतच हे लिहिलंय. इंग्रजी मुळाक्षरं दोन्ही पद्धतींत सारखीच, म्हणून तिथे चूक दिसत नाही. ‘टेक्स्ट’ऐवजी ‘कंटेंट’, म्हणजे कच्चे बाइट घ्या आणि एचटीएमएल वाचणाऱ्या ब्यूटिफुल सूप लायब्ररीला द्या. पानातला चारसेटचा, म्हणजे एन्कोडिंग सांगणारा, मेटा टॅग ती स्वतः शोधते.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांची पानं खरोखरच अवघड असतात, हे मान्य. पण त्यावरून आजच्या पानांना कशाला नावं ठेवायची? काही जण तर ‘साफसफाई’ म्हणून ॲस्कीबाहेरचं सगळं गाळतात आणि मराठी पानांना वर्णनच नसतं म्हणतात. अहो, कोणीतरी बसून लिहिलेलं वर्णन तुम्हीच पुसलंत!

आणखी काही नेहमीचे प्रश्न. वर्णन काढायला रेगेक्स पुरतो? नाही, मेटा टॅगमध्ये ‘कंटेंट’ हे ‘नेम’च्या आधीही येऊ शकतं. गूगलवर वेगळं वर्णन दिसतं म्हणजे कोड चुकला? नाही, गूगल अनेकदा पानातलाच मजकूर उचलतं. कीवर्ड्स टॅग महत्त्वाचा? गूगलने २००९ सालीच सांगितलं, की वेब शोधाच्या क्रमवारीत तो धरत नाही.

आणि वर्णन १५० चिन्हांवर कापत असाल, तर काना-वेलांटी अक्षरापासून तुटू शकते, जोडाक्षर अर्धवट राहू शकतं. त्याआधीच्या पूर्ण शब्दावर थांबा.