हौशी ऑर्केस्ट्राचा हिशेब

परवा माजलगावच्या बसस्थानकाजवळ चार पोरं भेटली. एकाच्या पाठीला गिटार, दुसऱ्याच्या हातात ड्रमच्या काड्या. म्हणाली, "सर, आम्ही रॉक बँड काढलाय. गणपतीत पहिला कार्यक्रम आहे. पैसे किती सांगावेत?" कवी माणसाला लोक गाणं मागतात, फार तर अध्यक्षपद देतात. पैशाचं कुणी विचारत नाही. पण या पोरांना कुणीतरी सांगितलं होतं, की सर तरुणपणी ऑर्केस्ट्रात होते. त्यांना रस्त्यावर उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

मुंबईत 1986 सालापासून रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा महोत्सव भरू लागला. तिथे ड्रमसेट, बेस गिटार, इलेक्ट्रिक गिटार घेऊन पोरं इंग्रजी गाणी वाजवायची. तीच वाद्यं त्याच काळात आमच्याकडेही होती. फक्त त्यांच्या शेजारी ढोलकी बसलेली असायची आणि या सगळ्याला आम्ही 'ऑर्केस्ट्रा' म्हणायचो. सत्तरच्या दशकात अशोककुमार सराफ यांच्या 'मेलडी मेकर्स'ने महाराष्ट्र गाजवला होता. त्यांचं बघून तालुक्या-तालुक्यात हौशी ऑर्केस्ट्रे उगवले. सिनेमातली गाणी जशीच्या तशी समोर वाजताना पाहायची, ही तेव्हा मोठीच चैन होती.

आमचा ऑर्केस्ट्रा 1989 साली सुरू झाला. आम्ही सहाजण. गायक औषधाच्या दुकानात कामाला, गिटारवाला शिक्षकाचा मुलगा, ड्रमवाला टेलर, कॅसिओवाला कॉलेजात. मी निवेदक. नुकताच बी.ए. झालेला, चार शेर पाठ आणि खिसा रिकामा, म्हणून हिशेबाची वहीही माझ्याकडेच. सहावे ढोलकीवाले अण्णा. ते आमच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या घरातले. आम्ही पाचजण हौशी होतो आणि अण्णांचं पोट त्यावर होतं, हा फरक तेव्हा आमच्या लक्षात आला नाही. आजच्या बोलण्याचा सगळा गाभा तिथंच आहे, पण त्याकडे नंतर येतो.

आमच्यापैकी कुणालाच नोटेशन येत नव्हतं. कॅसेट लावायची, दोन ओळी ऐकायच्या, मागे फिरवायची, पुन्हा ऐकायची. 'आशिकी'ची कॅसेट 1990 साली आम्ही इतकी फिरवली, की फीत ओढली जाऊन गायकाचा आवाज घोगरा झाला आणि आमचा गायक तसाच घोगरा गाऊ लागला. कॅसिओ हा शब्द आपल्याकडे वाद्याचंच नाव झाला. खरं तर ती गणकयंत्रं बनवणारी जपानी कंपनी. तिने 1980 साली पहिला कीबोर्ड बाजारात आणला. एका पेटीत व्हायोलिन, बासरी, ॲकॉर्डियन, सगळे आवाज. पंधरा वादकांचा ताफा परवडत नाही, तिथे एक पोरगा आणि एक कॅसिओ भागवू लागला. हौशी ऑर्केस्ट्रे खेड्यापर्यंत पोचले, त्यात या पेटीचा वाटा फार मोठा.

तालीम आडत दुकानाच्या गोदामात चालायची. भोवती कापसाची थप्पी. तिथे आम्ही फार छान वाजतो, असं आम्हाला वाटायचं. कारण सोपं होतं. कापूस आवाज पिऊन टाकतो, भिंतींवरून प्रतिध्वनी येत नाही, त्यामुळे प्रत्येक सूर वेगळा नि स्वच्छ ऐकू येतो. पहिला कार्यक्रम झाला देवळासमोरच्या मैदानात. तिथं आम्हाला एकमेकांचं काहीच ऐकू येईना. कर्णे लोकांकडे तोंड करून होते. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो ओरडू लागला. ओरडला की सूर वर सरकतो. गिटारवाल्याला वाटलं, आपलं कमी पडतंय, त्याने आवाज वाढवला. मग ड्रमवाला चढला. तिसऱ्या गाण्याला नुसती भांडाभांडी चालल्यासारखं झालं. मोठ्या कार्यक्रमांत वादकांकडे तोंड केलेला एक वेगळा स्पीकर असतो, त्याला मॉनिटर म्हणतात, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

त्यात ती कुई! माइकमधून गेलेला आवाज कर्ण्यातून बाहेर पडतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर पडतो. हे चक्र क्षणात इतकं फिरतं, की कानठळ्या बसतात. उपाय एवढाच, की माइक कर्ण्यांच्या मागे ठेवायचा आणि आवाज बेताचा ठेवायचा. पण मंडळाचा अध्यक्ष म्हणायचा, "आवाज शेजारच्या गावाला गेला पाहिजे."

पावसाळी हवेचं दुखणं निराळं. गणपतीत हवा दमट. ढोलकीचं कातडं ओल धरून सैल पडतं, सूर उतरतो. कॅसिओचा सूर मात्र जागचा हलत नाही. मध्येच दोघांची फारकत व्हायची. अण्णा शांतपणे स्टेजमागे जायचे, कागद पेटवून ढोलकी शेकायचे, बोटाने टिचकी मारून कान लावायचे. तोवर मी शेर म्हणून वेळ काढायचो. माझ्या शायरीला मिळालेली पहिली दाद ही खरी तर त्या शेकोटीची कृपा.

आता कार्यक्रम कधी, हे ऐका. मुंबई-पुण्यात कार्यक्रम शनिवार-रविवारी होतात. आमच्या बीड जिल्ह्यात ते ऊस ठरवतो. दसरा-दिवाळी झाली, की लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे नि कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. गाणं कुणापुढे म्हणायचं? गणपती आणि नवरात्र झालं, की आमच्या सुपाऱ्या बंद. माणसं परतायची ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. मग चौदा एप्रिलची भीमजयंती, गावोगावच्या जत्रा, उरूस. पण नेमकी तेव्हाच लग्नसराई. आणि लग्नसराई म्हणजे अण्णांच्या कमाईचे दिवस.

सुपारी म्हणजे काय, हे नव्या पोरांना सांगावं लागेल. कार्यक्रम ठरला की इसार म्हणून थोडी रक्कम हातावर ठेवायची, तिला सुपारी दिली म्हणतात. उरलेले पैसे कार्यक्रम संपल्यावर. पहाटे दोन वाजता मी वही घेऊन उभा राहायचो, तेव्हा कळायचं, की पैसे ज्याच्याकडे आहेत तो झोपलाय. एका गावात तर भैरवी संपायच्या आधी मंडळाची माणसं पांगली. आम्ही सकाळपर्यंत पारावर बसलो. शेवटी एका म्हातारीने चहा दिला आणि म्हणाली, "गानं ग्वाड होतं लेकरांनो." त्या रात्रीची कमाई तेवढीच.

1991 सालचा एक हिशेब माझ्या वहीत आहे. सुपारी पंधराशे. त्यातून साऊंडवाल्याला पाचशे, टेम्पोला साडेतीनशे, चहापाणी पन्नास. उरले सहाशे. त्यातले तीनशे कॅसिओच्या हप्त्याला. राहिलेले तीनशे सहाजणांत, म्हणजे माणशी पन्नास. कॅसिओ आम्ही मुंबईहून जुना घेतला होता, सहा हजार सहाशेला. बावीस कार्यक्रमांत तो फिटला. सहाजणांनी सारखा भार उचलला, म्हणजे प्रत्येकाचे अकराशे त्यात गेले. मला त्या हिशेबाचा मोठा अभिमान होता. सगळे समान, कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही.

पण पाचजणांना घरी गेल्यावर जेवण तयार असायचं. अण्णांना लग्नाच्या बँडमध्ये एका वरातीचे पंचाहत्तर मिळत. आमच्या जत्रेच्या कार्यक्रमासाठी ते वरात सोडून यायचे आणि पन्नास घेऊन जायचे. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "भाई, हौस तुमची हाय, वाजवतो मी बी हौसंनंच. पर घरी पीठ हौसंनं येत न्हाई." मी हसलो आणि तो संवाद निवेदनात वापरला. टाळ्या पडल्या. आज आठवलं की मान खाली जाते.

चांगल्या रात्री नव्हत्या असं नाही. धारूरच्या घाटात टेम्पो बंद पडला, तेव्हा रस्त्याकडेला बसून आम्ही साऊंडशिवाय वाजवलं. गिटार, ढोलकी आणि गायकाचा मोकळा आवाज. दोन ट्रकवाले थांबून ऐकत बसले. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही एकमेकांना ऐकलं. डिसेंबर 1992 नंतर काही महिने सगळं ठप्प होतं. पुढच्या गणपतीत मंडळाची पोरं घरी आली. मला म्हणाली, "निवेदन तुम्हीच करायचं." अम्मीने त्यांना चहा दिला. कुणी त्यावर भाषण केलं नाही, हेच बरं झालं.

त्याच वर्षी, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. आम्ही विसर्जनाच्या मिरवणुकीहून येऊन नुकते आडवे झालो होतो. दिवस उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली. नवरात्रातल्या आमच्या सगळ्या सुपाऱ्या रद्द झाल्या, व्हायलाच हव्या होत्या. पुढे आम्ही मदतनिधीसाठी एक कार्यक्रम केला. कुणी पैसा घेतला नाही. अण्णांनीही नाही. मी वहीत लिहिलं, 'मानधन : निरंक'. पाचजणांचं निरंक आणि अण्णांचं निरंक सारखं नव्हतं.

ऑर्केस्ट्रा 1996 साली मोडला. भांडण झालं नाही. टेलर पुण्याला गेला, कॅसिओवाल्याला नोकरी लागली, गायकाचं लग्न झालं. हौशी गोष्टी बहुधा अशाच संपतात. शेवटचा कार्यक्रम हा शेवटचा होता, हे नंतर कळतं. कॅसिओ माझ्या घरी राहिला. पुढच्या वर्षी मी तो चोवीसशेला विकला आणि ते पैसे माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या छपाईत घातले. त्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत मित्रांच्या प्रेमाचा उल्लेख आहे. त्यांच्या कॅसिओचा नाही.

पुढे जमानाच बदलला. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातल्या मोजक्या सणावाराच्या दिवशीच बारापर्यंत सूट. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला विचारा. पण खेड्यातला ऑर्केस्ट्रा जेवणं उरकून दहालाच सुरू व्हायचा. मग वादकांशिवाय नुसत्या संगीताचे कराओके ट्रॅक आले, एक गायक आणि एक पेनड्राइव्ह पुरू लागला. लग्नात डीजे आला. डीजेला तालीम लागत नाही आणि पावसात त्याचं कातडं सैल पडत नाही. अण्णांच्या घरचा बँड त्यात बसला.

दोन वर्षांपूर्वी मी जुनी वही काढली. अकराशे रुपये पाकिटात घातले आणि अण्णांकडे गेलो. सत्तरी गाठलेली, हाताला कंप. मी सगळं सांगितलं. कॅसिओ विकल्याचं, पुस्तकाचं. त्यांनी पाकीट उघडून पैसे मोजले. मग विचारलं, "इकला कितीला?"

"चोवीसशेला."

"सहाजण हुतो. म्हंजी माझे चारशे." सातशे रुपये त्यांनी माझ्या हातात परत ठेवले. "नवं असताना अकराशे, जुनं झाल्यावर चारशे. हिशेब हिशेबासारखा पायजे, भाई." आणि चारशे खिशात घातले. मी माफीचे चार शब्द जुळवून नेले होते. ते म्हणायची वेळच आली नाही. निघताना म्हणाले, "बाकी चौघांचं बी बघा." तेही मी नंतर पाहिलं.

तर त्या बसस्थानकावरच्या पोरांना माझं उत्तर असं. पैसे किती सांगायचे, ते साऊंड नि गाडीचा खर्च मांडून ठरवा. निम्मे आधी घ्या. मॉनिटर असल्याशिवाय स्टेजवर चढू नका. वाद्य सामाईक घेतलं, तर बँड मोडल्यावर ते कुणाचं, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आणि तुमच्यात कुणाचं पोट या वाजवण्यावर असेल, तर त्याचे पैसे आधी बाजूला काढा आणि मग तुमची हौस वाटून घ्या.

गाणं मी लिहून देतो. चाल तुम्ही लावा. आणि हो, गणपतीचे दिवस आहेत. ढोलकी घेणार असाल तर शेकायला चार जुने कागद सोबत ठेवा.