विलायतेचे राज्य शिकायचे कशासाठी?

गेल्या रविवारी विहारात बुद्धवंदना झाल्यावर एक विषय निघाला. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्या एका बांधवाची मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली आहे. पुढे एम.ए. करून विलायतेला जावे आणि तिथली राज्यपद्धती शिकावी, असे तिच्या मनात आहे. वडील आम्हाला म्हणाले, "भाऊ, इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली. आता त्याचं राज्य शिकून पोरीच्या पदरात काय पडंल? डी.एड. केलं तर मास्तरीण तरी व्हईल."

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न पोटाचा आहे. तो हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

बाबासाहेब 1916 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तरी तेथे त्यांनी राजकीय विचारांचा आणि समाजशास्त्राचाही अभ्यास केला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. मग मुंबईत प्राध्यापकी करून पैसा साठवला, राजर्षी शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांनी हात दिला आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1921 साली एम.एस्सी., 1922 साली बॅरिस्टर, 1923 साली डी.एस्सी. झाले.

हे शिक्षण पुढे कोठे कामी आले? 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची आणि इंग्लंडची पद्धत शेजारी ठेवून तोलली. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक, इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी अधिक, असे त्यांनी दाखवले. तेथे मंत्र्यांना सभागृहात प्रश्नांना रोज तोंड द्यावे लागते, अविश्वासाचा ठराव येऊ शकतो आणि निवडणुकीत मतदार हिशेब घेतो. म्हणून आपण ती पद्धत घेतली. विधानसभेतला प्रश्नोत्तराचा तास याच पद्धतीचा. तेव्हा विलायतेचे राज्य शिकणे म्हणजे आपल्याच घराचा पाया पाहणे होय.

दुसरी गोष्ट पुढाऱ्यांची. तीन निवडणुका जिंकलेल्या थॅचरबाईंना 1990 साली त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी पायउतार व्हायला लावले. 2022 या एका वर्षात तेथे तीन पंतप्रधान झाले. त्यांपैकी लिझ ट्रस अवघे 49 दिवस टिकल्या. तेथे सारे चांगलेच आहे असे नाही. राजा अजूनही जन्माने ठरतो. परंतु पुढाऱ्याला जाब विचारणे हा तेथे द्रोह समजला जात नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी आपल्याला सावध केले होते. आपण काय करतो? पुढारी चुकला की गट सोडतो, नाहीतर नवा गट काढतो. उभे राहून प्रश्न विचारत नाही. आम्ही स्वतःही त्यातून सुटलेलो नाही.

आता वाट. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी 1978 ते 1994 अशी सोळा वर्षे लढा दिला, तेथे राज्यशास्त्राचे एम.ए. करता येते. विलायतेतील एम.ए. बहुधा एकाच वर्षाचे असते. राज्याच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. केंद्राचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. मात्र भारताची संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषय 2022 सालच्या नियमांनी त्यातून वगळले. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि इंग्रजीच्या परीक्षेची तयारी एक वर्ष आधीच सुरू करावी. अटी बदलत असतात, म्हणून समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी.

नोकरी हमखास मिळेल असे आम्ही सांगणार नाही. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, आणि डी.एड. करून घरी बसलेली मुलेही आपल्या वस्तीत आहेतच. पण ग्रामसभेपासून संसदेपर्यंत कोणाला, कोठे आणि कसा जाब विचारायचा हे जाणणारी एक मुलगी घरात असणे, ही छोटी कमाई नव्हे.

लंडनच्या किंग हेन्री रोडवरचे, बाबासाहेब राहिले ते घर 2015 साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. त्याचा फोटो भिंतीवर लावणे सोपे आहे. त्या वडिलांना आम्ही एवढेच म्हणालो, "दादा, अर्ज तर भरू द्या. दाखल्यासाठी तहसीलला आम्ही येतो बरोबर."

जयभीम!