रिवाइंडच्या बटणापासून

केळवे रोड स्टेशनात गाडीची उद्घोषणा आधी मराठीत, मग हिंदीत, शेवटी इंग्रजीत होते. इंग्रजीपाशी कुणाचं अडत नाही, कारण कुठली गाडी नि कुठला फलाट हे कानाला आधीच ठाऊक झालेलं असतं. माकुणसारहून कॉलेजात इंग्रजी शिकवायला जाताना मी हे रोज ऐकायचो. त्यातलं मर्म कळायला मात्र पंधरा वर्षं गेली.

१९९६ साली सुरुवात केली तेव्हा श्रवण म्हणजे श्रुतलेखन. पुढे टेपरेकॉर्डर आला. कॅसेटवरची बाई लंडनच्या हवामानावर बोलायची. पोरांना कळलं नाही की मी रिवाइंड करायचो. तिसऱ्यांदा उत्तरं बरोबर यायची आणि मला वाटायचं, झालं शिकवून!

खरं पाणी जोखलं जायचं ते अकरावी सायन्सच्या वर्गात. प्रकाशसंश्लेषण पाठ असलेली मराठी माध्यमाची मुलगी 'फोटोसिंथेसिस' ऐकून गप्प व्हायची. तरी शब्द महिन्याभरात सरावाचे होत. अडायचं ते वळणावर. वनस्पती फक्त रात्रीच श्वसन करतात असं पुष्कळांना वाटतं, असं सांगून जीवशास्त्राचे सर 'बट' म्हणत आणि पुढे खरं काय ते सांगत. वह्यांत उतरलेलं असायचं नेमकं आधीचं, खोडण्यासाठी सांगितलेलं वाक्य.

राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आलं. ती मुलं २०१० मध्ये अकरावीत पोचली. भीती कमी, पण 'बट' निसटायचाच. त्याच सुमारास एका विद्यार्थ्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा नमुना चाळला. श्रवणाचे ४० प्रश्न, ध्वनिफीत एकदाच. पण ती वाजण्याआधी प्रश्न वाचायला वेळ देतात. म्हणजे केळवे रोडचीच गोष्ट!

मग रिवाइंड सोडलं. आधी दहा मिनिटं मराठीत गप्पा: वक्ता काय काय बोलेल? त्यानंतर ऐकताना फक्त 'बट', 'हाउएव्हर', 'सो' टिपायचे. सगळ्यात सोपा तास ठरला अणुभट्टीवरचा. तारापूरचं केंद्र १९६९ पासून शेजारी. कुणाचा काका तिथं, कुणाचा मामा.

२०२० मध्ये व्याख्यानं मोबाइलवर गेली. मुलं वेग कमी करून, मागे नेऊन ऐकू लागली. मला माझी कॅसेट आठवली. वर्ग पुन्हा भरले तेव्हा एक पोरगा हसत म्हणाला, "सर, तुम्हाला मागे नेता येत नाही." मी 'बट' म्हणून दोन क्षण थांबलो. चार-पाच पेनं वहीवरून उचलली गेली.